उजवा पाय

ऐरोलीच्या जेट्टीपाशी गाडी लावली.
पोरानं चिठ्ठीवर वेळ टाकली, सहा चाळीस,
आणि विचारलं, "काका, पहिल्यांदाच?"
हो म्हटलं.
खोटंच ते, पण मागे हॉर्न वाजत होते.

बोटीत आम्ही चोवीस जण, नारिंगी जाकिटांत फुगलेले.
एका मुलीच्या मांडीवर
पक्ष्यांची नावं छापलेला पुठ्ठा.
सुकाणूवर रत्नप्रभा कोटकर, दिवा गावची,
खाकी पँट, कानात मोत्याच्या कुड्या,
वयानं माझ्या धाकटीएवढी.
तिनं घड्याळ नाही, पाणी बघितलं
आणि दोर सोडला.

एकतीस वर्षं कंपनीची बस चालवली मी
ठाणे-बेलापूर रस्त्यावर, तिन्ही पाळ्यांत.
त्यामुळे पुढ्यात काही आलं,
वाहती फळी, वंचक, जाळ्याचा बोया,
की उजवा पाय आपोआप
बोटीच्या तळाला दाबला जातो.
तिसऱ्यांदा दाबला तेव्हा ती मागे न बघताच म्हणाली,
"होरीला बिरेक नसतं, काका.
थांबाचं असंल तं आदीच सोरावं लागतं."

होरी.
किती वर्षांनी कुणी माझ्यासमोर ड चा र केला.
गुरुजींनी पट्टीनं सरळ केलेली माझी जीभ
तोंडात वळवळली,
चिखलातल्या निवटीसारखी.

पुलाखालून गेलो.
ह्या पुलावर मी ट्रॅफिकमध्ये निम्मं आयुष्य काढलंय.
खालून ऐकलं तर वाटतं
माळ्यावर कुणीतरी उगाच खाटा ओढतंय.

बेटावर रस्ता नाही. चाकाचं काहीच नाही.
वनरक्षक पाण्याचे कॅन खांद्यावर नेतो.
तिवरांमधून जाणारी फळ्यांची एक वाट,
आणि पाटी : हळू बोला.
हळू चाला असं लिहायची गरज पडली नसावी.
"खिशात काय वाजतंय?" त्यानं विचारलं.
किल्ल्या.
रुमालात गुंडाळल्या,
झोपलेल्या पोराचे पैंजण काढून ठेवावेत तशा.

इथंच कुठेतरी, नक्की कुठे ते सांगता येणार नाही,
तिवर तेव्हा इतके नव्हते,
आई आकडी घेऊन चिंबोरीच्या बिळापाशी वाकायची.
मी टोपली धरायचो आणि मोजायचो.
सतराच्या पुढे कधी गेलो नाही.
मग जमीन गेली.
सातबारा देऊन बिल्ला मिळाला, म्हणजे मला मिळाला.
बाला चेक मिळाला, तो त्यानं
दोन महिने पिशवीतच ठेवला.

फळ्या संपल्या आणि ते दिसले.
मुलगी पुठ्ठ्यावर बोट ठेवून कुजबुजली, रोहित,
लहान रोहित.
चिखलात मान उलटी घालून हजारो उभे,
कुणालाही कुठंही जायचं नसल्यासारखे.
आईच्या वेळी हे नव्हते.
पुस्तिकेत लिहिलंय : नाल्यांचं पाणी आलं, शेवाळ वाढलं,
त्या शेवाळावर हे आले.
म्हणजे आमची मासळी ज्या पाण्यानं नेली
त्याच पाण्यावर हे गुलाबी झाले.
आणि ज्या कंपन्यांचे नाले,
त्यांची माणसं वेळेवर पोचवत होतो
मी, तिन्ही पाळ्यांत.
एकदाही लेट नाही. सर्टिफिकेट आहे घरी.

काय वाटावं ते कळेना.
सुंदर होते, एवढं खरं.
एक उडाला, मग सगळे,
आणि पंखांखालचा लाल रंग
कुणी भाकरी परतावी तसा एकदम दिसला.
मुलीनं मला विचारलं, तुम्ही मोजले का?
सतरा, म्हटलं.

परतताना जेट्टी बरीच लांब असतानाच
रत्नप्रभानं इंजिन बंद केलं.
बोट नुसती सरकत राहिली.
माझा पाय कुठे होता आठवत नाही.

पार्किंगच्या पोरानं साठ रुपये घेतले.
सुट्टे मोजताना मी तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं,
खारी.
आमची खारी.
"खारी?" तो म्हणाला.
"ती समोर टपरीवर मिळेल, काका. चहासोबत."